सावळाराम मिस्त्रीचा गडदिवा

भोरात एक काळ असा होता, की कुणाची बॅटरी लागेनाशी झाली किंवा रेडिओ नुसताच घरघरायला लागला, की लोक म्हणायचे, "जा त्या सावळारामकडं. मेलेलं जित्तं करतोय." आणि हे काही उगीच नव्हतं हां. माणूस होताच तसा हाताचा. पुण्याला बॅटऱ्या बनवायच्या एका कारखान्यात त्यानं सात वर्षं काढली होती. चौऱ्याहत्तर साली कारखान्यानं निम्मी माणसं घरी बसवली, त्यात हाही आला. भोरला परत आला तेव्हा हातात पत्र्याची एक पेटी होती, आणि डोक्यात एक खूळ.

त्या खुळाचं नाव गडदिवा.

खेळणंच होतं ते, पण लहानांचं नव्हे. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरता येईल अशी सागवानी चौकट, वर काच. आत खिळे ठोकून केलेली डोंगराची वाट, वाटेवर पाच दरवाजे, आणि प्रत्येक दरवाज्याशेजारी एक भोक. सायकलच्या चाकातला एक छर्रा आत सोडलेला. चौकट इकडं-तिकडं कलती करत तो छर्रा पायथ्यापासून वर न्यायचा. भोकात पडला, की पुन्हा खालून सुरुवात. आणि पाचही दरवाजे ओलांडून वरच्या खळगीत जाऊन बसला, की खळगीतल्या दोन पितळी पट्ट्या जोडल्या जायच्या आणि माथ्यावर बॅटरीचा इवलासा दिवा लागायचा. पाठीमागं एक सेल. बस्स. अहो, पण तो दिवा लागला की भलाभला माणूस ओरडायचा! ज्या मुलखात विजेचा खांब बघायला भोरला यावं लागे, तिथं हातातल्या हातात दिवा लागतोय म्हणजे काय गंमत आहे काय?

पण सावळारामचा जीव गमतीत नव्हता. त्याचा जीव होता भोंगवलीला. त्याची बायको रतन लेकीला घेऊन माहेरी जाऊन बसली होती. भांडण नव्हतं बरं का. कारखाना सुटला, भोरातली खोली पावसात गळायला लागली, लेक खोकायला लागली, तेव्हा रतन म्हणाली, "पाय रोवा, मग म्या येते." एवढंच. पण एवढंच म्हणून गेलेल्या बाईला दीड वर्ष होत आलं होतं. सावळाराम रोज स्टोव्हवर दोन भाकऱ्या थापायचा आणि एक उरवायचा. आणि गडदिवा चालला की रतन येणार, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं.

पंच्याहत्तरच्या आषाढात तो पुण्याला खेळण्यांच्या एका ठोक दुकानात गेला. दुकानाच्या शेटनं आधी वरवर बघितलं, मग हातात घेतलं, मग अर्धा तास गिऱ्हाइकांकडं ढुंकूनही बघितलं नाही. छर्रा चौथ्या दरवाज्याला तीनदा पडला. शेवटी दिवा लागला तेव्हा शेट गादीवरून उठलाच.

"डोकं आहे हो तुम्हाला," शेट म्हणाला. "नाव काय?"

"सावळाराम."

"सावळाराम काय?"

आता बघा, आडनाव सांगायला माणसाला किती वेळ लागतो? पण सावळाराम अर्धा श्वास थांबला. आडनाव सांगितलं की वस्ती कळते. सात वर्षं कारखान्यात आडनावापायी पाण्याच्या माठापाशी काय काय ऐकलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"मिस्त्री," तो म्हणाला.

"मग मिस्त्री, असं करा," शेट म्हणाला. "साठ नग करा, तुमच्या डोंगरातच विका. दसऱ्यापर्यंत बघू. दहाच्या आत परत आले तर माल मी पुण्यात लावतो, तुम्हाला कायमचं काम. दहाच्या वर आले तर कारण लिहून कळवायचं. गिऱ्हाइकाची चूक असेल तर पुन्हा करू. मालाची चूक असेल तर मग आपला रामराम."

सावळाराम तिथून हवेत तरंगतच एस.टी. स्टँडवर आला. मिस्त्री! आजवर त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं.

साठ गडदिवे त्यानं महिन्याभरात केले. प्रत्येकावर तांबड्या रंगानं स्वतः 'गडदिवा' असं नाव घातलं. भातलावण्या उरकल्या आणि पोतं खांद्याला मारून तो निघाला. वेल्ह्यापर्यंत एस.टी., पुढं पाय. गुंजवण्याला गेला, पासलीला गेला, मधल्या वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. श्रावणात बाहेर पाऊस आणि घरात माणसं हात चोळत बसलेली, त्यामुळं खेळणं बघायला ही गर्दी! गुंजवण्याला एक म्हातारा म्हणाला, "आरं, खरा राजगड धा बार चढलोय म्या, ह्यो तुजा कसा चढत न्हाई बगतो," आणि दुपार झाली तरी तिसऱ्या दरवाज्यातच. सगळे हसून लोळले. कुठं पायली-दोन पायली तांदूळ, कुठं रोकड, असं करून साठच्या साठ खपले. भोरच्या बौद्धवस्तीत सहा गेले, बाकीचे सगळे डोंगरात.

आता विकायची रीत सांगतो. ही काही सावळारामनं ठरवलेली रीत नव्हे. अंगणात उभं राहायचं, साद घालायची. घरधनी पोतं टाकायला सांगायचा, ओट्याच्या खाली. तिथं बसून खेळ दाखवायचा. चहा यायचा तो कान तुटलेल्या कपात, आणि कप विसळून पालथा घालायचा तो आपला आपण. माणसं वाईट होती का? छे! लई मायेनं बोलायची. "लेकरं-बाळं बरी हायती न्हवं?" म्हणायची. गडदिवा तेवढा आत जायचा, सावळाराम ओट्याखाली. त्याला ह्याचं काही वाटायचं नाही असं तो सांगायचा, आणि इतक्या वेळा सांगायचा की आपण काय ते समजावं.

पंधरा दिवसांनी दुसरी फेरी केली आणि पहिल्याच वाडीत त्याच्यापुढं तीन गडदिवे आणून ठेवले.

"दिवा गेला रं ह्यातला."

"गेला? सेल चार म्हयनं जातोय की! म्या सोता बगितलंय."

"येका रातीत गेला."

सावळारामनं नवा सेल घातला. लख्ख लागला दिवा. सेलातला दोष असेल म्हणून तो पुढं गेला, तर पुढच्या वस्तीत पाच. एकात तर सेलाला पाणी सुटून पितळी पट्टी हिरवी पडलेली. काचेवर हळदीकुंकवाची बोटं होती, ती त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली. नव्या वस्तूला कुंकू लावतातच माणसं, त्यात काय मोठंसं! नांगराला लावतात, सायकलीला लावतात.

भाद्रपद निम्मा झाला तोवर एकोणतीस परत आले होते.

मग सुरू झाले उपदेश. भोरच्या बाजारात ज्याला त्याला गडदिव्याविषयी मत. शिंपीआळीतला भिमा म्हणाला, "आरं, ह्यात हरतं कोन? सोंगट्यांत समोरचा हरतो, पत्त्यांत हरतो. हितं येकल्यानंच खेळायचं, येकल्यानंच जिकायचं, दुसऱ्यानं काय तोंड बगायचं?" कुणी म्हणालं, काच जड झाली. कुणी म्हणालं, सेल वेल्ह्याच्या बाजाराशिवाय मिळत नाहीत, कोण पायपीट करणार. एक शहाणा तर म्हणाला, ह्याला रेडिओ बसव! सावळाराम सगळ्यांचं ऐकायचा आणि खोलीवर येऊन तारा उसवायचा. छर्रा खळगीत नसताना वीज कुठून वाहतेय हे शोधायचं, एवढाच त्याला ध्यास. लाकूड ओलं होतंय का? मेण लावलं. पट्ट्या चिकटतायत का? पट्ट्यांच्या मध्ये कागद घातला. प्रत्येक वेळी खोलीत दिवा झकास लागायचा, झकास विझायचा, सेल टिकायचा. डोंगरात नेला की एका रात्रीत गार.

आणि बौद्धवस्तीतले सहा? एकही परत आला नव्हता. भोंगवलीला रतनकडं दिलेला नमुन्याचा एक, तोही पहिल्याच सेलावर चालू. सावळारामला वाटलं, हे सात नशिबानं चांगले निघाले. ज्या हातावर सगळी भिस्त, त्या हाताचाच भरवसा उडाला, मग राहिलं काय माणसाजवळ? आरशात बघून तो स्वतःला शिव्या द्यायचा. भाकरी एकच थापायला लागला.

दसऱ्याला आठ दिवस उरले तेव्हा परत आलेला माल एक्केचाळीसवर गेला होता. तरी तो शेवटचा म्हणून पासलीच्या वरच्या अंगाला एका वाडीत गेला. तिथं साळूबाई म्हणून एक म्हातारी होती. मोकळ्या तोंडाची, बोलायला लागली की थांबायची नाही. सावळाराम अंगणात उभा राहिला आणि आपण होऊनच म्हणाला, "आजी, तुमचा बी गेला आसंल, द्या."

"चार येळा गेला की!" साळूबाई ओट्यावरून म्हणाली. "चार येळा सेल आनला ल्योकानं. पन म्या काय परत देत न्हाई बाबा. देवापुढचा दिवा कुनी परत देतं व्हय?"

"देवापुढचा?"

"मग? दिवाच हाय न्हवं त्यो? तूच त्यावर लिवलंयस. सुनंनं सा दीस घालवलं आन् मंग लागला. घरात आनंदीआनंद झाला. हलक्या हातानं, तुजी ती गोळी पडू न देता, नेला आन् खंडोबाच्या टाकापुढं ठिवला. रातभर कसा शांत तेवला म्हनतोस!"

सावळाराम पायरीजवळ सरकला. "आजी, खेळ झाला की गोळी खाली पाडायची. दिवा इजवायचा."

"इजवायचा?" म्हातारी खरंच दचकली. "लावल्याला दिवा आपल्या हातानं कुनी इजवतं व्हय रं? आपनहून गेला तर गेला. समद्या वाड्यांनी तसंच केलंय. कुनाचा बी दिवा इजवल्याला न्हाई बग!"

तर हे असं होतं! तारेत दोष नव्हता, पट्टीत नव्हता, सेलात नव्हता. चौपन्न घरांत चौपन्न माणसं दिवस-दिवस झगडून एकदा जिंकली, आणि पुन्हा कुणी खेळलंच नाही. खेळायचं म्हणजे दिवा घालवायचा, आणि तो कोण घालवणार? सावळारामच्या घरातले देव त्याच्या बापानं छप्पन साली नीरेत सोडले होते, तेव्हा तो पोरगा होता. देव्हारा, समई, ती कशी लावायची आणि कशी शांत करायची, हे सगळं त्याच्या आणि सगळ्या बौद्धवस्तीच्या आयुष्यातून निघून गेलेलं. आणि नाव ठेवताना गडबिड काहीही ठेवायचं सोडून ह्यानं ठेवलं दिवा!

"आजी, मला बगू द्या की येकदा. कसा ठिवलाय त्यो," तो म्हणाला आणि नकळत एक पाऊल पायरीवर टाकलं.

साळूबाईचा हात पदराकडं गेला. रागावली नाही ती, उलट अवघडली. "आरं, तितं... आतलं घर हाय त्ये," ती म्हणाली. "हितनंच सांगितलं की समदं तुला. बस, च्या ठिवते."

सावळारामनं पाऊल मागं घेतलं. दोन महिने त्यानं ह्या मुलखातली घरंन् घरं धुंडाळली होती, आणि आपली वस्तू आत कुठं ठेवतात हे त्याला दिसलं नव्हतं. भिंतीपलीकडं दहा हातांवर ती देवापुढं जळत होती, आणि तो इकडं ओट्याखाली बसून तारा तपासत होता! ऐकून आपल्याला कसंसं होतं, त्याला काय झालं असेल?

पण खरं सांगू? उतारावरून वेल्ह्याकडं येताना त्याला आधी आनंदच झाला. हात चुकला नव्हता! एक कळ बसवली की काम झालं, घटकाभरानं दिवा आपोआप बंद. शेटला कारण लिहायचं, गिऱ्हाइकाची चूक, पुन्हा करू. दुसऱ्या दिवशी पहिली गाडी धरून तो थेट भोंगवलीला गेला.

सासरा कोंडिबा अंगणात दोर वळत होता. "जयभीम पावनं," तो म्हणाला. रतन हात पुसत बाहेर आली. सावळारामनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कळीचंही सांगितलं, बोलताना हसत होता. कोंडिबाला इतका आनंद झाला, की त्यानं स्वतः पेटीतनं पोस्टकार्ड काढून दिलं. "हितंच लिवा. आत्ताच्या आत्ता."

रतन मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "दोन म्हयनं घरोघर फिरलासा, तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

"कसं दिसनार? आत कुनी घेतलं तर दिसंल."

"मग त्येच लिवा," रतन म्हणाली.

सावळाराम ओसरीवर कार्ड घेऊन बसला. शेटसाहेबांस नमस्कार, इथवर झरझर लिहिलं. मग थांबला. लोक देवापुढं ठेवतात, असं लिहिलं की शेट विचारणार, मिस्त्री, दोन महिने तुम्ही तिथं काय करत होता? विकताना घरात बसला नाहीत? त्यावर काय लिहायचं? ते लिहिलं की मिस्त्री गेला, आडनाव आलं. लेक जाई येऊन पाठीला रेलली, तेही त्याला कळलं नाही. बऱ्याच वेळानं त्यानं दोन ओळी लिहिल्या आणि कार्ड पालथं ठेवलं.

रतन चौथीपर्यंत शिकलेली. तिनं ते उचललं आणि मोठ्यानं वाचलं. "माल सदोष आहे. चूक कारागिराच्या हातची आहे. आपला, सावळाराम मिस्त्री."

कोंडिबाच्या हातातला दोर थांबला. "आवं, हे काय लिवलं? तुमची चूक कुठं हाय?"

"त्यास्नी ठावं न्हाई मामा," सावळाराम खाली बघत म्हणाला. "आपन कोन ते. म्या त्यास्नी मिस्त्री सांगितलंय."

रतन तशीच कार्ड धरून उभी होती. मग ती म्हणाली, आणि आवाज चढवून नाही म्हणाली, "डोंगरातल्या मान्सांनी तुमाला दाराभाईर बशिवलं. पुन्यात तर तुमी आपल्या पायानं जाऊन बसला की वो."

"रतन, काम मिळंल पुन्यांदा कुटंतरी. ह्ये जाऊ दे."

"गडदिवा बुडाला त्ये मला कवाच कळलं हुतं. बाजारात समदी बोलत्यात," रतन म्हणाली. "तरी बी तीन दिसापास्नं बोचकं बांदून ठिवलंय म्या. म्हनलं, मानूस येकला हाय, आता जायाला पायजे. बगा तितं."

दाराच्या आत, भिंतीला टेकून, गाठ मारलेलं बोचकं खरंच होतं. सावळारामनं ते बघितलं.

"दुसरं कार्ड हाय आबांजवळ," रतन म्हणाली. "खरं लिवा. नाव बी खरं लिवा. शेट हो म्हनू दे न्हाईतर न्हाई म्हनू दे, आजच्या गाडीनं येते म्या. पन जी चूक तुमी केलीच न्हाई ती अंगावर घिऊन, दुसऱ्याच्या नावानं सही करनार असला, तर मी कुनाच्या घरी येऊ सांगा. मिस्त्रीच्या?"

कोंडिबानं दुसरं कार्ड आणून ओसरीवर ठेवलं. अरे बाबा, लिही की! चार ओळींचं काम! आज इतक्या वर्षांनी सांगतानासुद्धा त्याचा हात धरून लिहून घ्यावंसं वाटतं. दिवा विझवू नये असं मानणारी माणसं चुकली नव्हती, तार चुकली नव्हती, एवढं सगळं त्याच्या बाजूनं होतं. त्यानं टाक उचलला, नमस्कार लिहिला, आणि त्याच जागी तो पुन्हा अडला. त्याला ते लिहिताच येईना. डोळ्यांतलं पाणी कार्डावर पडून शाई फिसकटली. रतननं वाट बघितली, जाईला जवळ घेऊन बराच वेळ वाट बघितली.

चारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा सावळाराम उठला. पहिलंच कार्ड त्यानं खिशात घातलं, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एकटाच फाट्याकडं चालायला लागला. भोरला उतरल्या उतरल्या कार्ड टपालपेटीत टाकलं.

रतननं बोचक्याची गाठ सोडली आणि लुगडी पुन्हा दांडीवर घातली. ती भोरला कधीच आली नाही.